दृष्टिकोन की 'दृष्टी कोण'? सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचा लांबलचक रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापला तो सबटायटल्ससाठी आणि एक अख्खा कापला तो कशासाठी ते खाली बरंच सविस्तर येईलच. कोर्सचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण मी घ्यायच्या आधी अजून दोन-तीन असेच कोर्स चाळले होते आणि सगळे साधारण एकाच साच्यातले निघाले, त्यामुळे मला खरं तर साच्याबद्दलच बोलायचंय. विषय: साहित्यातला दृष्टिकोन, म्हणजे गोष्ट कोण सांगतंय, कुठून सांगतंय आणि त्याला किती माहितीये.

घेतला का? तर मी कथा लिहिते, हौस म्हणून, आणि दोन वेळा कथा परत आल्या त्या एकाच शेऱ्यासह, 'दृष्टिकोन घसरतो'. आता घसरतो म्हणजे काय? मला वाटत होतं हे सगळं मला येतं, शाळेत शिकलोय की आपण, 'मी' असेल तर प्रथमपुरुषी, 'तो-ती' असेल तर तृतीयपुरुषी, सगळ्यांच्या मनातलं कळत असेल तर सर्वज्ञ निवेदक, पाच मार्कांचं उत्तर, संपला विषय. मग घसरतो कुठून? दुसऱ्यांदा तोच शेरा आल्यावर म्हटलं चला, अहंकार बाजूला ठेवू आणि पैसे भरू.

मिळतं काय ते पटकन सांगते. आठवड्याला तीन-चार रेकॉर्डेड व्हिडिओ, एक लाइव्ह तास, एक लेखी स्वाध्याय आणि त्यावर मेंटॉरच्या कॉमेंट्स. व्हिडिओ मराठीत आहेत, आवाज स्वच्छ आहे, शिकवणारी व्यक्ती उगाच ताणत नाही. सबटायटल्स मात्र मशीनने पाडलेले आहेत आणि कोणी एकदाही वाचून बघितलेले नाहीत. 'निवेदक' ऐवजी कायम 'निवेदन', 'पात्र' ऐवजी 'पत्र', आणि सगळ्यात भारी म्हणजे 'दृष्टिकोन' हा शब्द दर वेळी 'दृष्टी कोण' असा उमटतो. पहिल्या दिवशी मी हसले, पहिला आठवडा संपेपर्यंत लक्षात आलं की अख्ख्या कोर्समधला सगळ्यात अचूक प्रश्न चुकून मशीननेच विचारलाय. दृष्टी कोणाची? बघतंय कोण?

कारण पहिल्या आठवड्याचा मुद्दा हाच आहे. थिअरी आहे, पण पचेल एवढीच. जेरार जनेत नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली की 'कोण बोलतंय' आणि 'कोण बघतंय' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्याच्या आधीचे लोक ते एकत्र कालवत होते. वाचायला हे फार किरकोळ वाटतं. मला पण वाटलं. मग त्यांनी एक उदाहरण करायला लावलं आणि माझी ट्यूब पेटली. समजा पन्नाशीची बाई लहानपणची रात्र सांगतेय, आई-वडलांचं भांडण झालंय. तिने लिहिलं 'आई रडत होती', तर बोलणारी पण पन्नाशीची आणि बघणारी पण पन्नाशीची. तिने लिहिलं 'आईच्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं, ती सारखी पदराने काढत होती', तर बोलतेय पन्नाशीचीच, पण बघतेय सहा वर्षांची. दोन्हीकडे 'मी'च आहे, दोन्ही प्रथमपुरुषी आहेत, पाच मार्कांच्या उत्तरात दोन्ही एकाच खान्यात पडतील. आणि तरी किती फरक! माझ्या परत आलेल्या पहिल्या कथेत नेमकं हेच झालं होतं, सात वर्षांचा मुलगा 'वातावरणात एक अनामिक ताण' वगैरे अनुभवत होता. बिचारा.

दुसरा आठवडा हा कोर्सचा प्राण आहे आणि फक्त याच्यासाठी जरी घेतला तरी पैसे वसूल, असं माझं मत. स्वाध्याय असा: एक छोटा प्रसंग घ्या, तीनशे शब्दांत लिहा, मग तोच प्रसंग अजून तीन जागांवरून लिहा, एकाही घटनेत बदल न करता. मी घेतला तो प्रसंग असा की वडील गेल्यावर भाऊ-बहीण त्यांचं कपाट उघडतात, आत एक कुलूप लावलेली पेटी सापडते. पहिल्यांदा लिहिलं बहिणीच्या 'मी'मधून. दुसऱ्यांदा भावाच्या खांद्यावर बसून, म्हणजे 'तो' म्हणत पण फक्त त्याला जे दिसतं आणि वाटतं तेवढंच. तिसऱ्यांदा नुसता कॅमेरा, कोणाच्याच डोक्यात शिरायचं नाही, हात काय करतात, तोंडातून काय निघतं, बास. चौथ्यांदा सगळं माहीत असलेला निवेदक, ज्याला पेटीत काय आहे हे पण माहितीये आणि वडलांनी ती कधी बंद केली हे पण.

सगळ्यात अवघड कॅमेरावालं गेलं. आपल्याला 'ती दचकली' लिहायची इतकी सवय असते की दचकणं बाहेरून कसं दिसतं हेच आठवत नाही. मी 'तिने हात मागे घेतला' लिहिलं आणि दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसले, की वाचणाऱ्याला कळेल का, भीतीने घेतला की किळस आली म्हणून. नाही कळणार. आणि ते न कळणं हीच त्या जागेची ताकद आहे हे मेंटॉरने नंतर समासात लिहिलं. ओके, मान्य.

पण खरी गंमत पहिल्या आवृत्तीत झाली. बहिणीच्या तोंडून मी लिहिलं होतं: 'दादा कपाटातले कपडे काढून पलंगावर ठेवत होता. तळाशी पेटी होती. कुलूप जुनं, पितळी. मी देवघराच्या फळीमागे हात घालून किल्ली काढली आणि त्याच्याकडे दिली.' मेंटॉरची कॉमेंट एका ओळीची: 'हिला किल्ली कुठे आहे हे कसं माहीत?' मी लॅपटॉप बंद केला. चूक होती हो ती, निव्वळ चूक, किल्ली कुठे आहे हे मला माहीत होतं, लेखिकेला, बहिणीला नाही, आणि माझं माहीत असणं गुपचूप तिच्या हातात जाऊन बसलं. यालाच 'दृष्टिकोन घसरणं' म्हणतात हे मला तेव्हा कळलं, दोन परत आलेल्या कथांनंतर आणि एका पितळी कुलपानंतर.

मग चूक दुरुस्त करायला बसले आणि हात थांबला. म्हटलं, समजा तिला खरंच माहीत असेल तर? समजा ती आधी एकदा पेटी उघडून बघून गेलीये, आणि आता दादासमोर पहिल्यांदाच बघत असल्यासारखं करतेय, आणि आपल्यासमोर पण, म्हणजे वाचणाऱ्यासमोर? एक अक्षर न बदलता ती निवेदक बेभरवशाची झाली. ती खोटं काहीच बोलत नाहीये, फक्त एक गोष्ट सांगत नाहीये. त्या स्वाध्यायाची आता चौदा पानांची कथा झालीये, अजून पूर्ण नाही. भावाची आवृत्ती मात्र टाकून दिली, त्याला काही माहीतच नव्हतं, आणि कोणाला काय माहीत नाही यावरच तर ही सगळी गोष्ट उभी राहिली.

तिसरा आठवडा याच बेभरवशाच्या निवेदकाचा. ही कल्पना या नावाने मांडली वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने, १९६१ मध्ये. व्हिडिओत हे नीट सांगितलंय की बेभरवशाचा म्हणजे खोटारडाच असं नाही, तो भाबडा असू शकतो, लहान असू शकतो, प्रेमात असू शकतो, स्वतःचीच समजूत काढत असू शकतो. उदाहरण म्हणून अकुतागावाची १९२२ ची जपानी कथा दिलीये, एक खून आणि सात जबान्या, त्यातली एक तर मेलेल्या माणसाचीच, माध्यमामार्फत दिलेली. कुरोसावाच्या १९५० च्या 'राशोमोन' या सिनेमामुळे ती बऱ्याच जणांना माहीत असते. चांगलं उदाहरण आहे, तक्रार नाही. पण इथून माझी कुरकुर सुरू होते.

सहा आठवड्यांत एक, अक्षरशः एकही मराठी उदाहरण नाही. अरे, एकाच गोष्टीला अनेक तोंडं देणं हे तर आपल्याकडे वाचणाऱ्यांच्या घराघरात आहे! 'ययाती' (१९५९) घ्या, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापल्या 'मी'मधून बोलतात. 'मृत्युंजय' (१९६७) घ्या, सहा जण बोलतात, कर्ण आहे, दुर्योधन आहे, कुंती आहे, वृषाली आहे, शोण आहे, शेवटी कृष्ण आहे. ज्या कर्णाला आपण कायम पांडवांच्या बाजूने उभं राहून बघितलं त्याला भावाच्या, बायकोच्या, आईच्या जागेवरून बघायला लावणं, हाच तर दृष्टिकोनाचा धडा. आणि मूळ महाभारतच बघा ना. सौती सांगतो शौनकांना, ते त्याने ऐकलेलं असतं वैशंपायनाकडून, जो जनमेजयाला सांगत होता, आणि वैशंपायनाकडे आलं ते व्यासांकडून, आणि व्यास स्वतः त्याच गोष्टीत पात्र, दोन्ही पक्षांचे आजोबा! युद्ध तर आपल्याला संजयच्या तोंडून कळतं, ऐकणारा आंधळा बाप. गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्र विचारतो की माझे आणि पांडूचे काय करते झाले. 'माझे आणि पांडूचे'. भावाचीच पोरं, पण 'मामकाः' या एका शब्दाने ती बाहेर काढली गेली. यापेक्षा नेमकं उदाहरण कुठे मिळणार? लाइव्ह तासाला मी हे बोलून दाखवलं, उत्तर आलं 'छान मुद्दा, अभ्यासक्रम ठरलेला आहे'. बरं.

तरी उदाहरणं परकी असणं हे मी चालवून घेतलं असतं, चांगली कथा कुठलीही असो. चौथ्या आठवड्यात जे झालं ते नाही चालवून घेता येत, कारण तिथे मामला भाषेच्या मुळाशी जातो. आणि एक स्टार इथेच कापला.

विषय होता पात्राचा विचार निवेदनात विरघळवणं. म्हणजे 'ती म्हणाली', 'तिला वाटलं' असल्या टेकूशिवाय वाक्य लिहायचं, निवेदक बोलतोय असं वाटतं पण शब्द पात्राचे असतात. जेन ऑस्टिनच्या 'एमा' या इंग्रजी कादंबरीत (१८१५) हे भरपूर आहे, नायिका जे जे ठाम समजते ते निवेदकच सांगतोय असं वाटत राहतं आणि ती चुकतेय हे आपल्याला उशिरा कळतं. नंतर फ्लोबेर या फ्रेंच कादंबरीकाराने याचं सोनं केलं. फार सुंदर तंत्र आहे. पण ते ओळखायचं कसं हे शिकवताना कोर्सने इंग्रजीची खूण जशीच्या तशी उचलली: काळ भूतकाळात सरकतो, पण 'उद्या', 'आता', 'इथे' हे शब्द पात्राच्या जागेवरच राहतात. आणि उदाहरण दिलं, 'उद्या सोमवार होता.' मी तीनदा वाचलं. मला ते छापखान्याची चूक वाटलं. मराठीत ही बाई मनात म्हणेल 'उद्या सोमवार. म्हणजे परत तेच.' क्रियापदच नाही! आपल्याकडे 'तिला वाटलं की' च्या पुढे काळ मागे सरकवायची सक्तीच नसते, 'तिला वाटलं की तो येणार नाही' असं सरळ येतं, मग काळ सरकण्याची खूण आपण शोधायची कुठे?

आपली खूण वेगळी आहे आणि ती कोर्समध्ये कुठेच नाही. ती म्हणजे 'आपण'. 'तिला वाटलं की ती चुकली', इथे चुकलेली ती कोण? स्वतःच की शेजारची? सांगता येत नाही. 'तिला वाटलं की आपण चुकलो', झालं, आत शिरलो आपण तिच्या, शंकाच नाही. मग पुढच्या वाक्यात 'तिला वाटलं' काढून टाका: 'आपण एवढं बोलायला नको होतं. दादाला काय वाटलं असेल?' विरघळलं की नाही? 'आपण' आणि 'दादा', या दोन शब्दांनी निवेदकाला बाजूला सारून बहिणीला पुढे आणलं. हे मी कुठे वाचलेलं नाही, स्वाध्याय करताना सापडलं, आणि सापडल्यावर आधी आनंद झाला, मग राग आला, की मराठीतून शिकवणाऱ्या कोर्समध्ये हे मला स्वतःचं स्वतः का सापडावं लागतंय.

एकदा हा चष्मा लागला की मग काय, जिकडे बघावं तिकडे. 'बाबा आले', 'बाबा आला', 'तो आला', 'म्हातारा आला', माणूस एकच. इंग्रजीत तृतीयपुरुषी निवेदक 'ही' (he) म्हणून कोरडा राहू शकतो, मराठीत पहिल्याच पानावर ठरवावं लागतं, या माणसाला 'तो' म्हणायचं की 'ते', आणि ते ठरवलं की निवेदकाचा त्याच्याशी काय संबंध आहे हे उघडं पडलं. तटस्थ निवेदक वगैरे आपल्याला परवडतच नाही. तसंच येणं आणि जाणं. 'डॉक्टर खोलीत आले' लिहिलं की आपण पेशंटपाशी आत बसलोय, 'डॉक्टर खोलीत गेले' लिहिलं की बाहेर, नातेवाइकांबरोबर, बंद दाराकडे बघत. एका क्रियापदात कॅमेरा कुठे लावलाय ते ठरलं. आणि आपला लाडका 'म्हणे'! 'तो म्हणे रात्रभर जागाच होता.' बेभरवशाच्या निवेदकावर पस्तीस मिनिटांचा व्हिडिओ आहे, आमच्या भाषेने ते काम दोन अक्षरांत केलंय, ऐकीव आहे आणि माझा फारसा विश्वास पण नाही, दोन्ही एकदम.

(हे सगळं मी मेंटॉरला लिहून पाठवलं, जरा जास्तच लांब झालं. उत्तर आलं, चार दिवसांनी, पण मनापासून आलं, की हे पुढच्या बॅचला वापरू का. वापरा म्हटलं. बघू.)

पाचव्या आठवड्याचा स्वाध्याय वाचून तर मी मोठ्याने हसले. 'प्रथमपुरुषी निवेदक लिहा, पण तो पुरुष आहे की स्त्री हे वाचकाला कळू देऊ नका.' इंग्रजीतून उचललेला स्वाध्याय, तिथे 'आय वेंट' म्हटलं की झालं, कोण गेलं काही कळत नाही. इथे? मी गेलो की गेले, पहिल्या वाक्याला बिंग फुटलं. आत्ता तुम्ही हा रिव्ह्यू वाचताय, मी बाई आहे हे मी कुठेच जाहीर केलेलं नाही, पण पहिल्याच वाक्यातल्या 'टाकते'ने सांगून टाकलं ना. 

दोन रात्री घातल्या मी त्याच्यावर. आणि चिडचिड करता करता एक वाट सापडली. 'मी गेले' मध्ये फसतो, पण 'मी दार उघडलं', 'मी पत्र वाचलं', 'मी त्याला ओळखलं' यात काहीच कळत नाही, कारण तिथे क्रियापद दाराच्या, पत्राच्या मागे जातं, माझ्या नाही. 'मला वाटलं', 'मला दिसलं' पण चालतं. 'मी जाईन' चालतं, 'आम्ही गेलो' चालतं. चालत नाही ते फक्त उठणं, बसणं, जाणं, येणं, रडणं, हसणं, आणि 'करतो-करते' वालं सगळं. मग असा निवेदक तयार झाला जो सतत गोष्टींना काहीतरी करतो पण स्वतः कधी कुठे जात नाही, कधी हसत नाही, कधी रडत नाही. बघितलं, उचललं, ठेवलं, वाचलं, फाडलं. वाचून माझ्याच अंगावर काटा आला, इतका थंड माणूस! व्याकरणाच्या अडचणीतून स्वभाव निघाला. मेंटॉरने मात्र लिहिलं 'भाषा किंचित अडखळते'. अहो अडखळणारच ना, तुम्ही पायात दोरी बांधून पळायला लावलंय, आणि दोरी बांधलीये हे तुम्हालाच माहीत नाही.

याच्या बरोब्बर उलटं जे आहे त्याचा तरी उल्लेख हवा होता. ह. ना. आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' यमूच्या तोंडून लिहिली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, 'करमणूक'मधून क्रमशः. लिहिणारा पुरुष, आणि पानामागून पान 'मी गेले, मी बसले, मी रडले'. इंग्रजीत बाईच्या 'आय'मधून लिहिताना लेखक मधूनच विसरू शकतो की आपण बाई आहोत. मराठीत प्रत्येक दुसऱ्या क्रियापदाला त्याला परत एकदा बाई व्हावं लागतं. मला आता ती कादंबरी पुन्हा वाचायचीये, फक्त क्रियापदांसाठी.

सहावा आठवडा घाईत उरकलाय, मी पण उरकते. 'तू' मधून लिहिणं आणि 'आम्ही' मधून लिहिणं. 'तू' वर दहा मिनिटं, आणि मराठीत 'तू' की 'तुम्ही' हा प्रश्न काढलाच नाही. 'आम्ही'साठी फॉकनर या अमेरिकन लेखकाची १९३० ची ती कथा, ज्यात अख्खं गाव मिळून एका बाईची गोष्ट सांगतं. तिथला 'वी' मराठीत आणताना 'आम्ही' घ्यायचा की 'आपण'? 'आम्ही' घेतला तर वाचणारा गावाबाहेर उभा, 'आपण' घेतला तर तो पण त्या बघ्यांमध्ये सामील. केवढा मोठा निर्णय आहे हा! व्हिडिओत 'आम्ही' वापरून पुढे गेले. बरोबरच आहे बहुतेक 'आम्ही', पण का ते सांगा ना.

बाकी किरकोळ. फीडबॅक तीन दिवसांत म्हणतात, मला सरासरी पाच-सहा दिवस लागले. अॅपमध्ये व्हिडिओ मध्येच थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हे अजून सुधारलेलं नाही. लाइव्ह तासाला पंचवीसेक लोक असतात आणि त्यातले चार जण बोलतात (मी त्या चारात, सॉरी). सहाध्यायींचे स्वाध्याय वाचायला मिळतात ही मात्र लपलेली मेजवानी आहे, दुसऱ्याची घसरण लगेच दिसते, 'अगं तिची पाठ आहे तिकडे, तिला त्याचा चेहरा कसा दिसला' असं आपण फटकन म्हणतो, आणि मग स्वतःचं उघडलं की तिसऱ्या ओळीत तेच.

कोणी घ्यावा? कथा लिहिता आणि परत येतायत पण कारण कळत नाहीये, तर घ्या, दुसऱ्या आठवड्याचा स्वाध्याय मन लावून करा, चारही वेळा, कंटाळा आला तरी. नुसतं वाचणारे असाल तर पहिले तीन आठवडे पुरेत, नंतरचे नाही बघितले तरी चालेल. परीक्षेसाठी व्याख्या हव्या असतील तर अजिबात नको, व्याख्या चार ओळींच्या असतात आणि त्या कुठेही मिळतात. अनुवाद करणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावा, आणि चौथ्या आठवड्यात माझ्यासारखं भांडावं.

सर्टिफिकेट परवा आलं. छान आहे, गुळगुळीत, सोनेरी बॉर्डर. वर 'श्री. / श्रीमती' दोन्ही छापलेलं, एकही खोडलेलं नाही, पुढे माझं आडनाव आणि आद्याक्षर, आणि खाली 'यांनी हा कोर्स यशस्वीरीत्या पूर्ण केला'. पूर्ण केला. कोर्स केला, म्हणून 'केला'. दोन रात्री घालून मला जे धड जमलं नाही ते यांच्या सर्टिफिकेट पाडणाऱ्या सॉफ्टवेअरने एका ओळीत करून दाखवलंय, आणि अडखळलं पण नाही.